पातळ, पातळी

येकाबपिल्सच्या इस्पितळात हाडांच्या वॉर्डात जागा नव्हती,
म्हणून मोडका घोटा घेऊन मी
बोलणं गेलेल्या माणसांत येऊन पडलो.
घोटा मोडला बर्फावरून घसरून.
म्हणजे पाण्यानेच,
ते वाहायचं थांबलं होतं म्हणून.

शेजारच्या खाटेवर आर्वीड्स.
एकेचाळीस वर्षं दौगावा नदीची पातळी वाचली त्यानं,
सकाळी आठ, संध्याकाळी आठ,
पट्टीवरचा आकडा, वहीत तारीख.
त्याची बायको स्कैद्रीते सांगते,
लग्नाला उभा राहिला तोही नदीवर जाऊन, चिखलाच्या बुटांनी.
आता मेंदूत कुठेतरी एक गुठळी
आणि घशात पाण्याचा घोटसुद्धा वाट चुकतो.

"पाणी फार पातळ आहे त्याला," मादारा म्हणाली.
मी ते वाक्य दोनदा मनात घोळवलं.
पाण्याबद्दल अशी तक्रार आजवर ऐकली नव्हती.
दुधाबद्दल ऐकली होती,
आमटीबद्दल तर रोजचीच.

ती चहात पांढरी भुकटी घालते, ढवळते,
बिनसुईच्या सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत भरते,
खालच्या तोंडावर बोट.
बोट काढते, दहा सेकंद मोजते, पुन्हा बोट.
आत काय उरलं ते बघायचं.
फार उरलं तर घट्ट. काहीच नाही उरलं तर धोका.
प्रवाहीपणा म्हणजे इथे एवढंच:
दहा सेकंदांत जे गेलं नाही
त्याचा आकडा.

दुपारभर मला काम नसतं.
आमच्याकडे नदी वाहते, हमाल ओझं वाहतो,
आणि देवाला फुलं वाहतात.
तिघांना एकच क्रियापद, कुणाची कुरकुर नाही.
मन द्रवतं, पैसा खेळता लागतो,
भाषण ओघवतं असलं की माना डोलतात
आणि घरी पोचेपर्यंत तो काय बोलला ते आठवत नाही.
मादाराला विचारलं.
तिच्या भाषेतही चांगलं बोलणारा "तेकोशी" बोलतो,
वाहत वाहत.
आम्ही म्हणतो, अस्खलित.
न घसरता.
मी माझ्या प्लास्टरकडे बघितलं.

आर्वीड्सच्या तोंडाशी शब्द येतात,
एकमेकांवर चढतात,
मार्चमध्ये पुलाखाली बर्फाच्या लाद्या अडतात तसे,
मागून पाणी चढतच राहतं.
मानेची शीर फुगते.
मग तो भिंतीकडे तोंड करतो.

मंगळवारी मादारानं बोट काढलं, मोजलं, बोट ठेवलं.
आर्वीड्स बघत होता.
चहाकडे नाही, रेघांकडे.
डोळे बारीक, मान खाली घेतलेली,
नजर बरोब्बर पातळीला.
"सेशी," तो म्हणाला.
सहा.
होते सहाच.
स्कैद्रीतेनं पिशवीतून औषधांची पावती काढली,
पाठीमागे लिहिलं: तारीख, वेळ, सहा.

त्यानंतर सगळंच सहा.
खिडकी सहा, उशी सहा, दुखतं तेही सहा,
स्कैद्रीतेला हाक मारायची तर सहा.
मादारा म्हणाली, होतं असं,
एखादा निसटतो, बाकीचे त्याच्यामागे अडकून राहतात,
फार आशा धरू नका.
स्कैद्रीते त्याची बटणं लावत होती.
"सात," ती म्हणाली.
त्यानं मान हलवली. "सहा."
"बरं, साडेसहा."
"सहा!"
एवढं भांडताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होतो.
मधे ती हसली,
मग नाक पुसायला बाहेर गेली.

त्या रात्री नदीकडून आवाज आला,
वरच्या मजल्यावर कुणी कपाटं ओढावीत तसा.
वॉर्ड झोपलेला.
आर्वीड्स उठून बसला.
मनगटावर नसलेलं घड्याळ बघितलं,
अंधारात बराच वेळ कान लावला,
मग माझ्याकडे वळून एक आकडा म्हणाला
आणि थांबला,
मी लिहून घेईन म्हणून.

माझ्याजवळ पेन नव्हतं.